दुसऱ्या डोळ्याची रजा

आमच्या कंपनीत रजेची चारच कारणं चालायची. लग्न, आजारपण, मयत आणि गणपती. पाचवं कारण कुणी लिहिलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. अर्जावर 'कारण' असा दीड इंचाचा रकाना असायचा आणि त्या दीड इंचात 'बायकोबरोबर तीन आठवडे व्हिएतनाम हिंडायला' असं लिहिण्याची माझी छाती नव्हती. साहेब हसले असते. आणि एकटेच हसून थांबले नसते, जेवणाच्या सुट्टीत चार टेबलांना हसवलं असतं. तेव्हा लोक फिरायला जायचे ते महाबळेश्वरला, दोन रात्री, तेही नवं लग्न झालं असेल तर. पंचेचाळिशीच्या माणसाला परदेशात जाऊन नुसतं सावकाश हिंडायचंय म्हटल्यावर त्याचं डोकं तरी फिरलंय, नाहीतर डॉक्टरांनी त्याला काहीतरी वाईट सांगितलंय, असंच लोक धरून चालायचे.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध. नेरूळला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं राहत होतो. मी, बायको आणि माझी आई. मुलगा सांगलीला इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर होता. मी तुर्भ्याकडच्या एका केमिकल कंपनीत डिस्पॅचला. माझ्या सहीनं पिंपं देशभर फिरायची, मी मात्र लग्नाला वीस वर्षं झाली तरी सातारा, बायकोचं देवगडजवळचं माहेर आणि लोकांची लग्नं यांच्यापलीकडे गेलो नव्हतो.

सुरुवात झाली ती वाशीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात. आईला तपासायला नेलं होतं. तिची सत्तरी आलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. थेंब घालून तिला बाकावर बसवलं होतं आणि बाहुल्या मोठ्या होईपर्यंत मी टीपॉयवरची जुनी मासिकं चाळत होतो. एका मासिकात मधली आठ पानं नुसत्या व्हिएतनामच्या फोटोंची निघाली. समुद्रातून सरळ वर आलेले डोंगर आणि त्यांच्यामधून चाललेली शिडाची होडी. घोटाभर चिखलात वाकून भात लावणाऱ्या बायका. एका गल्लीत सगळी दुकानं फक्त दोरखंडाची, पुढच्या गल्लीत फक्त कागदी कंदिलांची.

व्हिएतनाम हा शब्द मला लहानपणापासून पाठ. साताऱ्याच्या घरी वडील सकाळी आरशासमोर दाढी करत आणि आई शेजारी पाटावर बसून त्यांना पेपर वाचून दाखवी. शिकलेली सातवीपर्यंतच, पण वाचायची खणखणीत, एकही बातमी न गाळता. हनोई, सायगाव, ह्युए ही नावं मी पहिल्यांदा ऐकली ती तिच्या तोंडून, दाढीच्या साबणाच्या वासात. त्या बातम्यांत नुसती माणसं मरायची. वडील म्हणत, "पुढचं वाच." आई म्हणे, "तीही माणसंच आहेत की. वाचून होऊ दे." त्या देशात कुणी भातही लावत असेल, कंदीलही विकत असेल, हे मला चाळिशी उलटल्यावर त्या बाकावर कळलं. कंपाउंडरला विचारून मी ती आठ पानं अलगद फाडून घेतली.

डॉक्टरांनी मला आत एकट्याला बोलावलं. म्हणाले, "उजव्याचं आता करून टाका. डाव्याचं सहा महिन्यांनी. हल्ली पिकायची वाट बघत नाहीत." मी बाहेर आलो. मोठ्या झालेल्या बाहुल्यांनी आई माझ्या आवाजाच्या दिशेनं बघत होती.

"काय म्हणाले रे?"

"अजून पिकायचाय म्हणाले. बघू."

असं का म्हणालो, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. उत्तर साधं आहे आणि त्यात मला कुठेच चांगलं दिसता येत नाही. ऑपरेशन म्हणजे रजा, आणि रजा मोजकी. खिशातल्या घडी घातलेल्या आठ पानांना मी ती मनातल्या मनात देऊन बसलो होतो. आई म्हणाली, "बरं. पिकू दे." आणि रिक्षात बसताना तिनं माझा दंड धरला, तो उतरेपर्यंत सोडला नाही.

बायकोला फोटो दाखवले तेव्हा ती भात लावणाऱ्या बायकांकडे बघत राहिली. म्हणाली, "ही तर आमच्या वरच्या कुणग्यातली लावणी. फक्त टोप्या तेवढ्या वेगळ्या." ती घरी लहान मुलांच्या शिकवण्या घ्यायची, त्यामुळे कोऱ्या वह्यांना तोटा नव्हता. एक लांबोडी वही काढून तिनं पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'सावकाश.' तो आमचा एकमेव नियम. सात दिवसांत अकरा ठिकाणं दाखवणाऱ्या सहलींबद्दल आम्ही ऐकून होतो. लोक बसमध्ये झोपून देश बघून येत. आम्ही ठरवलं, तीन रात्रींच्या आत गाव सोडायचं नाही. हनोईला चार दिवस, नुसते पायी. पहाटे तळ्याकाठी म्हातारी माणसं व्यायाम करतात ती बघायची. पाण्यावर नाचवतात त्या बाहुल्यांचा खेळ बघायचा. मग होडीतली एक रात्र, मग आगगाडीनं खाली ह्युए, राजांच्या समाध्या, मग होइ आन नावाचं जुनं बंदर. तिथून जवळ चाम लोकांनी बांधलेली शंकराची पडकी देवळं होती. ते वाचून बायको म्हणाली, "मग काय, आईंना सांगू महादेवाच्या दर्शनाला जातोय." दोघंही हसलो. अगदी दक्षिणेकडची मोठी नदी मुद्दाम सोडली, पुढच्या खेपेला म्हणून. एकही खेप झाली नव्हती आणि आम्ही पुढची राखून ठेवत होतो.

माझ्या आयुष्यातले ते फार सुखाचे महिने. वाशीच्या ट्रॅव्हल एजंटनं विचारलं, "व्हिएतनाम? तिकडची लढाई संपली का?" मी त्याला संपून वीसेक वर्षं झाल्याचं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "सिंगापूर करा ना सर, शॉपिंग तरी होईल." पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आला त्या दिवशी आई खाली देवळात गेली होती, ते बरं झालं. संध्याकाळी शिकवणीची मुलं गेली की आम्ही टेबलावर नकाशा पसरायचो. आई तिथंच खुर्चीत असायची. आमचं बोलणं तिच्या कानावर पडायचंच. विचारायची, "कसलं चाललंय रे?" बायको म्हणायची, "भूगोलाचा धडा काढतेय, आई." ती मान डोलवायची.

ती वही आम्ही कधी लपवली नाही. लपवायची गरजच नव्हती. सकाळपासून रात्रीपर्यंत ती टेबलावर उघडी पडलेली असे, कारण घरात जिच्यापासून लपवायचं तिला वाचता येत नव्हतं. हे वाक्य लिहिताना आज माझा हात थांबतो. तेव्हा थांबला नव्हता. त्याच वहीत एका पानावर माझ्या अक्षरात मथळा होता, 'आईला काय सांगायचं?' आणि खाली तीन पर्याय. एक, ऑफिसचं ट्रेनिंग. दोन, घराला रंग काढायचाय, म्हणून ताईकडे साताऱ्याला पाठवणं. तीन, महादेव. पहिल्या दोहोंवर फुली होती.

खरं का सांगत नव्हतो? आई रागावली नसती. उलट तिनं डबे भरून दिले असते. पण तिचं स्वतःचं जग कोल्हापूरला संपत होतं आणि आता तर गॅलरीच्या कठड्यापाशीच. तिच्या डोळ्यांवर तो पडदा असताना मी तिला सांगायचं, की आम्ही बघायला चाललोय. कुठल्या तोंडानं?

रजेच्या अर्जावर लोक लांबचे काका मारत. आमच्या पॅकिंगच्या माणसाच्या एका मावशीचं तीन वेळा तेरावं झालं होतं. मी म्हटलं, मेलेल्याची रजा नको, अपशकुन. त्यातल्या त्यात कमी खोटं शोधलं. लिहिलं, 'आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन. घरी दुसरे कोणी पुरुष माणूस नाही.' मोतीबिंदू खरा, ऑपरेशन खोटं. साहेबांनी लगेच सही केली. वर म्हणाले, "आईपेक्षा मोठं काय असतं?" मी 'थँक्यू सर' म्हणून बाहेर पडलो.

एक गोष्ट मी विसरलो होतो. आमच्यात आजारी माणसाला बघायला जायची रीत आहे, आणि आमच्या स्टोअरकीपरइतकी ती रीत कुणी पाळत नसे. हे मूळचे शेजारच्या शिरवणे गावचे, त्यांची शेती टाउनशिपमध्ये गेलेली, बोलायला मोकळे, मनानं त्याहून. कुणाला सर्दी झाली तरी हा माणूस पिशवी घेऊन दारात. रजा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी सकाळी बेल वाजली. मी दाढी करत होतो. दार आईनं उघडलं.

"आये, सोमवारी हाय ना तुजा आपरेशन? टेन्शन अजिबात घ्यायचा नाय. माजे आयशीचे डोल्याचा केला, आता तांदलातले खडे निवडते ती."

तोंडाला साबण तसाच ठेवून मी बाहेर आलो. आई दाराशी उभी, हातात सफरचंदांची पिशवी. स्टोअरकीपर माझ्याकडे बघून म्हणाले, "भाऊ, लय चांगला केलास." मला वाटलं, आता ती म्हणणार, कसलं ऑपरेशन? 

आईच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "अस्सं होय!" ती माझ्याकडे वळली. "मला घाबरवायचं नाही म्हणून बोलला नाहीस होय रे? मला वाटत होतं, विसरलास."

पाहुण्यांना चहा झाला, पोहे झाले. आई त्यांच्या आईबद्दल खोदून खोदून विचारत होती. दुखतं का? पट्टी किती दिवस? नंतर सुई ओवता येते का? ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. बायको ओट्याकडे तोंड करून उभी होती.

"आता करायचंच," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आल्यावर करू ना. तारीख पुढे गेली म्हणून सांगू. तीन आठवड्यांनी काय फरक पडतो?"

खरंच असं म्हणालो. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं, बाहेर गेली आणि टेबलावरची वही मिटली. तिकिटं परत करता आली, तेवढं बरं.

त्या रजेत आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. स्टोअरकीपर म्हणाले तसं चटकन झालं. मग हिरवी पट्टी, दर दोन तासांनी थेंब, वाकायचं नाही, खोकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही. लोक म्हणाले, मुलगा असावा तर असा. आणि तो मुलगा दर थेंबाला मनात हिशेब करत होता, आज आपण हनोईत असतो, आज होडीत असतो. आईच्या पापण्या दोन बोटांनी उघडताना मी वैतागलेला असायचो. एकदा बाटली तिच्या डोळ्यावर धरून मी खेकसलो, "हलू नकोस म्हटलं ना!" ती हलली नाही. थेंब पडल्यावर डोळे मिटून म्हणाली, "माझ्यापायी तुझी रजा वाया चालली रे." मी बाटलीचं टोपण लावलं. 'नाही गं' एवढे दोन शब्द होते. ते मला तेव्हा सुचले नाहीत असं नाही, मी ते दिले नाहीत.

दीड महिन्यानं चष्मा आला आणि आई सुटली. दिसेल ते वाचायला लागली. औषधांचे खोके, टूथपेस्टची नळी, भाजी बांधून आलेला कागद, कॅलेंडरची मागची बाजू. रोजचा पेपर ती पुन्हा मोठ्यानं वाचू लागली, वडील नव्हते म्हणून सुनेला. आम्हा दोघांनाही ती वही आठवली नाही. वर्षभर टेबलावर असलेली वस्तू कुणाला दिसते? शिकवणीच्या वह्यांच्या गठ्ठ्यात ती तशीच होती.

पुढे काही दिवसांनी मी गठ्ठा आवरत असताना ती हाती आली. उगाच उघडली. 'आईला काय सांगायचं?' या पानावर, तिसऱ्या पर्यायाच्या खाली, शिकवणीच्या मुलांच्या बोथट पेन्सिलीनं एक ओळ लिहिलेली होती. गोल, सातवीच्या वळणाचं अक्षर, एका डोळ्यानं लिहिल्यामुळे ओळ खाली घसरलेली.

'येतो म्हणायचं. एवढंच.'

माझ्या आईनं आयुष्यात कुणाला 'जातो' म्हणून उंबरा ओलांडू दिला नाही. मी वही मिटून खाली बसलो. तिनं पहिल्या पानापासून सगळं वाचलं होतं, तारखांसकट. म्हणजे रजा कशासाठी होती, पाहुणे आले त्या सकाळी काय झालं आणि थेंब घालताना मी का खेकसलो, हे सगळं तिला कळलं होतं. आणि त्यावर ती आम्हाला एका शब्दानं बोलली नव्हती. मला लाज वाटली. इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती. तरी मी तिच्याजवळ जाऊन काही कबूल केलं नाही. बायकोला तेवढं पान दाखवलं. ती रडली.

विषय आईनंच काढला, तोही काही महिन्यांनी. संध्याकाळी शेंगा सोलत बसलो होतो तिघं.

"ते ह्युए मी तुझ्या वडलांना वाचून दाखवायची. अजून आहे का ते गाव?"

"आहे."

"मग जाऊन बघून या की. मला येऊन सांगा."

"एवढी रजा कोण देणार, आई? मागच्या वेळी मिळाली ती..." मी थांबलो.

"दुसरा डोळा आहे की अजून," आई म्हणाली. शेंगेवरून नजरही उचलली नाही. "त्याची काढ."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. आईच्या ओठांच्या कोपऱ्यात मिश्कील काहीतरी होतं, लहान मुलांनी मिळून खोडी काढताना असतं तसं. मी म्हणालो, "नको."

आमच्याकडे पानात वाढायला आलेल्याला तीनदा नको म्हणायची रीत आहे. पहिला नको हा नको नसतोच, हे वाढणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि जेवणाऱ्यालाही. मी एकदाच म्हणालो.

"अरे, एकानं माझं भागतंय," आई म्हणाली. "घाई काय आहे? तुम्ही आल्यावर करू त्याचं."

मी अर्ज लिहिला, 'आईच्या दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन.' साहेबांनी पुन्हा लगेच सही केली. वही पुन्हा टेबलावर आली, पण आता तिघांत. आई चष्मा लावून नकाशावर बोट फिरवायची, होइ आनला अजून एक दिवस वाढवा म्हणायची. सामानाच्या यादीत तिनं मेतकूट घातलं, दशम्या घातल्या, 'छत्री दोन' लिहिलं. तिचा उत्साह बघून मी स्वतःची समजूत घातली, की हे तिच्याच सुखासाठी चाललंय. अशी समजूत घालायला मी फार वाकबगार आहे.

आईसोबत राहायला ताई साताऱ्याहून आली. निघायच्या संध्याकाळी आई दह्याची वाटी घेऊन दारात उभी राहिली. मी हात पुढे केला. तिनं चमचा नीट रोखला, तरी दही तळहाताच्या बाजूला, मनगटावर पडलं. एका डोळ्याला अंतर कळत नाही. तिनं पटकन पदरानं पुसलं आणि दुसरा चमचा माझ्या हाताला टेकवूनच ओतला. "येतो," मी म्हणालो. रिक्षा सुरू झाल्यावर माझ्या मनगटाला दह्याचा वास येत होता.

प्रवासाचं मी इथं लिहिणार नाही. एवढंच सांगतो, ते सगळं वहीतल्यापेक्षा सुंदर होतं. आम्ही सावकाश हिंडलो. ह्युएच्या नदीकाठी एका म्हातारीच्या बाकड्यावर रोज सकाळी शेवयांचं सूप प्यायलो, मी सामिष, बायको गुरुवार सोडून. तिथं मला अपराधी वाटलं असतं तर आज सांगायला बरं वाटलं असतं. पण वाटलं नाही. एकवीस दिवसांत आईचा डावा डोळा मला एकदाही आठवला नाही.

परत आल्यावर आईनं चार दिवस आमच्याकडून सगळं ऐकलं. फोटो एकेक करून उजवीकडे धरून बघितले. तिच्यासाठी आणलेली, लावणीवाल्या बायका घालतात ती शंकूसारखी टोपी घालून आरशात हसली. ताई निघायच्या आधी मला गॅलरीत घेऊन गेली.

"तुमचे ते स्टोअरवाले आले होते रे. दुसऱ्या रविवारी. खालून रिक्षातून उतरताना दिसले. आई उठली, कपाटातून ती मागची हिरवी पट्टी काढली, डाव्या डोळ्यावर बांधली आणि पलंगावर जाऊन आडवी झाली. म्हणाली, 'हा भाजी आणायला गेलाय म्हणून सांग.' अर्धा तास बसले ते. आई कण्हली सुद्धा मधे एकदा."

"मग?"

"मग काय? ते गेल्यावर पट्टी सोडली. सफरचंदं आणली होती त्यांनी. एक फोड तोंडात घातली नाही तिनं. सगळी झाडूवालीला दिली."

आल्यावर करू, असं ठरलं होतं. आल्यावर केलं नाही. ऑफिसात सगळे विचारायचे, "काय, आई आता दोन्ही डोळ्यांनी बघतात ना?" मी म्हणायचो, "हो, स्वच्छ." खोट्याला एकदा हो म्हटलं की ते घरात राहायलाच येतं. ज्या आईचे दोन्ही डोळे माझ्या रजेच्या अर्जात बरे झाले होते, तिच्यासाठी आता कसली रजा मागणार? खरं म्हणजे दोन दिवसांचं काम होतं. एक शनिवार-रविवार जोडून सुद्धा झालं असतं. पण वाशीच्या दवाखान्यात कुणी ओळखीचं भेटलं तर, ही भीती. म्हटलं, गणपतीनंतर करू. मग म्हटलं, थंडीत करू. आई कधी म्हणाली नाही, माझा डोळा कर म्हणून. तिनं उलट सोसायटीतही दोन्ही झाले असंच सांगितलं होतं, माझं पितळ उघडं पडू नये म्हणून. जिन्यात डाव्या बाजूनं कुणी आलं की दचकायची आणि मग लगेच हसून नमस्कार करायची. चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवायची, तो कधीकधी खाली पडायचा. "हात ओला होता," म्हणायची. काचा बायको गोळा करायची आणि माझ्याकडे बघायची नाही.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात, दुपारी जेवून आडवी झाली ती आई उठली नाही. पहिल्या ऑपरेशननंतर तिनं हट्टानं नेत्रदानाचा फॉर्म भरून ठेवला होता. कुणीतरी फोन केला आणि तासाभरात नेत्रपेढीची एक मुलगी पेटी घेऊन आली. तोवर स्टोअरकीपर येऊन पोचले होते. नेहमीसारखे सगळ्यांत आधी. खुर्च्या लावत होते, पाण्याचं बघत होते. मुलीनं फॉर्म काढला आणि हळू आवाजात विचारू लागली. वय किती? साखर होती का? डोळ्यांची काही ऑपरेशनं?

"मोतीबिंदूचा झाला," स्टोअरकीपर माझ्याऐवजी बोलले. माझ्याच्यानं बोलवत नाही, असं वाटलं असावं त्यांना. "दोनी डोल्यांचा. मी सोता बघाला आलतो ना, दोनी टायमाला."

मुलीनं 'दोन्ही' लिहिलं.

"नाही," मी म्हणालो. "उजव्याचंच झालंय. डाव्याचं केलं नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. "आरं पन मी आलतो तवा पट्टी व्हती तिचे डोल्यावर."

"पट्टी खोटी होती. मी तेव्हा व्हिएतनामला होतो. फिरायला."

ते आत जाऊन आईच्या उशाशी थोडा वेळ उभे राहिले. बाहेर आले तेव्हा रुमालानं तोंड पुसत होते. माझ्याजवळ येऊन, खाली बघत, त्यांनी विचारलं, "सफरचंदा तरी खाल्ली का तिनं?"

"खाल्ली," मी म्हणालो.

मुलीनं 'दोन्ही' खोडून 'उजवा' लिहिलं, फॉर्म पुढे केला आणि मी सही केली.